गावरान कोंबडीचा वाण सुधारायचा तर आधी कोंबडे मोजा

दोन दांडगे कोंबडे आणि वीस माद्या, असा कळप नागपूरच्या आसपास कुठल्याही वाडीत दिसेल. वाण बिघडतो तो इथेच. हिशेब करा: नर गुणिले मादी गुणिले 4, भागिले दोघांची बेरीज. 160 भागिले 22, म्हणजे पैदाशीच्या दृष्टीने कळप जेमतेम सात पक्ष्यांचा. अशाने दर पिढीत सगोत्रता, म्हणजे नात्यातल्या नात्यात पैदास, सुमारे 7 टक्क्यांनी वाढते. अंडी कमी उबतात, पिलं दुबळी निघतात. 8 कोंबडे आणि 40 माद्या ठेवल्या तर हीच वाढ 2 टक्क्यांच्या आत राहते. जास्तीच्या कोंबड्यांचं खाद्य अंगावर येतं, तरी इथे काटकसर नको.

चार खुराडी करा, प्रत्येकात 2 नर, 10 माद्या. नव्या पिढीत तलंगा (तरुण माद्या) जन्मल्या खुराड्यातच राहतील. कोंबडे मात्र पहिल्यातले दुसऱ्यात, दुसऱ्यातले तिसऱ्यात, तिसऱ्यातले चौथ्यात, चौथ्यातले पहिल्यात. पिलू निघाल्या दिवशीच पंखाच्या पुढच्या कातडीच्या घडीत नंबरची पट्टी लावा, स्नायूत टोचू नका. पायातलं कडं वापरत असाल तर पिलू वाढेल तसं बदला, नाहीतर ते मांसात रुततं.

वजन 8 आठवड्यांना, सकाळी खाद्य टाकण्याआधी घ्या. वजनाचा गुण पुढच्या पिढीत बऱ्यापैकी उतरतो, म्हणून थेट भारी पक्षी निवडता येतात. अंड्यांचं तसं नाही. तो गुण कमी उतरतो, शिवाय कोंबडा अंडी घालत नाही! त्यामुळे कोंबडा निवडायचा तो त्याच्या बहिणींची 40 आठवड्यांपर्यंतची अंडी पाहून. तुलना एकाच दिवशी निघालेल्या पिलांतच करा. फेब्रुवारीच्या आणि ऑगस्टच्या तलंगा एका यादीत घातल्या, तर गुण वाणाचा की मे महिन्यातल्या उन्हाचा हे कळत नाही. कुठलं अंडं कुठल्या कोंबडीचं हे कळावं म्हणून पडत्या दाराची खोकी (कोंबडी आत गेली की दार बंद होणारी) लावली असतील तर उन्हाळ्यात तासातासाला पाहा. आत अडकलेली कोंबडी उष्म्याने मरते.

वजन आणि अंडी दोन्ही एकदम वाढवायला जाऊ नका, हे गुण एकमेकांना मागे ओढतात. सतत खुडूक होणारी, म्हणजे अंडी उबवायला बसून राहणारी, कोंबडी अंडी कमी देते. पण उबवणी यंत्र नसेल तर सगळ्याच खुडूक माद्या काढून टाकणं घातक.

विदर्भाच्या उन्हासाठी उघड्या मानेचं जनुक फार कामाचं आहे. ते प्रभावी असल्याने एक प्रत मिळाली तरी पिसं कमी होतात आणि अंगातली उष्णता बाहेर पडते. मान नीट पाहा: पुढच्या बाजूला पिसांचा झुबका असेल तर एकच प्रत, मान जवळजवळ बोडकी असेल तर दोन. दोन प्रतींच्या अंड्यांत उबवण घटू शकते. म्हणून बोडक्या मानेचा कोंबडा साध्या माद्यांवर सोडा. सगळी पिलं एक प्रत घेऊनच निघतील.