जुन्या कॉमिक्सच्या लिलावात ‘हा डमीच’ म्हणण्याआधी या चुका टाळा

लिलाव रात्री दहाला बंद होणार होता. नऊ पंचावन्नला बोली साडेआठशेवर होती आणि ती माझी होती. अंक वेताळचा, मराठी इंद्रजाल कॉमिक्स मालिकेतला. कव्हरच्या पाठीला सेलोटेप, पिना गंजलेल्या, शेवटच्या पानावर निळ्या शाईत कुणा पाचवीतल्या मुलाचं नाव. नऊ अठ्ठावन्नला एकजण उगवला. नऊशे. मी साडेनऊशे. तो हजार. मी चौदाशेला हात टेकले, त्याने साडेचौदाशेला अंक नेला. महिन्यात तिसऱ्यांदा तोच माणूस, प्रोफाइलला फोटोच्या जागी कमळाचं फूल. डोकं फिरलं आणि मी ग्रुपवर टाकलं, ‘विक्रेत्याने आपलाच माणूस बसवलाय का?’

लिहायला नको होतं. त्याचं पुढे काय झालं ते शेवटी सांगतो. आधी मी आणि माझ्यासारखे इतर कुठे चुकतात ते.

ठाण्या-नवी मुंबईत जुनी कॉमिक्स जमवणारे आता रद्दीच्या दुकानांत कमी आणि व्हॉट्सअ‍ॅप-फेसबुकच्या ग्रुपांवर जास्त भेटतात. पोस्ट ठरलेली असते: ‘एसबी ३००, इन्क्रिमेंट ५०, रात्री दहापर्यंत, पोस्टेज वेगळं.’ एसबी म्हणजे सुरुवातीची बोली, इन्क्रिमेंट म्हणजे दर वेळी किमान किती वाढवायचं ते. तिथून बोली चढते, आणि कधीकधी ती चढवणारा खरा गिऱ्हाईक नसतो. विक्रेत्याचा मेहुणा असतो, मित्र असतो, नाहीतर विक्रेत्याचंच दुसरं खातं असतं. इंग्रजीत याला शिल बिडिंग म्हणतात, आपण डमी म्हणतो.

शेवटच्या मिनिटाला येणाऱ्यावर संशय घेणं

ही सगळ्यात मोठी चूक आणि ती मीच केली. डमीचं काम माल जिंकायचं नसतं, तुम्हाला महागात जिंकवायचं असतं. शेवटच्या मिनिटाला त्याने बोली लावली आणि तुम्ही उत्तर दिलं नाहीत, तर अंक विक्रेत्याच्याच गळ्यात पडतो. म्हणून डमी सुरुवातीला किंवा मधल्या वेळात जोर करतो आणि भाव ‘रास्त’ वाटू लागला की गुपचूप गळतो. शेवटच्या क्षणी उडी मारणारा बहुतेक वेळा खरा हावरट असतो, तुमच्या-माझ्यासारखा.

एका लिलावावरून निकाल लावणं

एका लिलावात डमी आणि खरा गिऱ्हाईक सारखेच दिसतात. फरक कळतो तो दहा-बारा लिलाव शेजारी शेजारी ठेवले की. मी आता शाळकरी दुरेघी वही ठेवतो. तारीख, अंक, विक्रेता, कोणी कोणी बोली लावली, कोण किती वाजता थांबलं, शेवटी कोणाला गेला. तीन महिन्यांत पानं बोलायला लागतात. एखादं नाव एकाच विक्रेत्याच्या लिलावांत दिसतं, दर वेळी मधेच गळतं आणि जिंकत कधीच नाही, तर तिथे लाल पेन. तेच नाव चार विक्रेत्यांकडे बोली लावतं आणि अधूनमधून जिंकून पैसेही भरतं, तर तो संग्राहक आहे. त्याच्यावर चिडा, पण आरोप करू नका.

ईबे या ऑनलाइन लिलावाच्या साइटवर हे काम थोडं सोपं आहे. भारतातली ईबेची साइट २०१८ मध्ये बंद झाली, पण परदेशी अंकांसाठी लोक अजून मूळ साइटवर जातात. तिथे बोलींचा इतिहास उघडला की नावाऐवजी दोन अक्षरं आणि मध्ये चांदण्या दिसतात. त्यासोबत त्या खात्याचा फीडबॅकचा आकडा (आधीच्या व्यवहारांवर इतरांनी दिलेले शेरे), गेल्या ३० दिवसांत त्याच्या किती टक्के बोली याच विक्रेत्याकडे होत्या आणि त्याने किती बोली मागे घेतल्या, हेही दिसतं. लोक ‘शंभर टक्के’ पाहून उसळतात. अहो, ज्याने महिन्यात एकच बोली लावली त्याचेही शंभर टक्केच होणार! एकूण बोली किती, ते आधी बघा.

कमाल रक्कम चार दिवस आधी टाकून निवांत झोपणं

ईबेसारख्या ठिकाणी तुम्ही कमाल रक्कम टाकता आणि यंत्रणा गरजेपुरती बोली वाढवत राहते. तुमचा आकडा कोणाला दिसत नाही, पण तो हुडकता येतो. समजा तुम्ही ४,००० टाकलेत आणि बोली १,२५० वर उभी आहे. समोरचा १,५०० टाकतो, तुम्हीच पुढे. १,८००, २,५००, ३,२००, तरी तुम्हीच पुढे. ४,१०० ला तो वर जातो आणि तुमची मर्यादा त्याला कळते. मग ‘चुकून जास्त आकडा पडला’ म्हणून बोली मागे घ्यायची आणि पुन्हा येऊन ३,९०० वर थांबायचं. अंक तुम्हालाच मिळतो, जवळपास चार हजारांना. बोली मागे घेण्यावर ईबेने बंधनं घातली आहेत: शेवटच्या १२ तासांत लावलेली बोली तासाभराच्या आतच मागे घेता येते. पण लिलाव सात दिवसांचा असला तर आधीचे सहा दिवस मोकळं रान.

तरी इथेही घाई नको. नवखा माणूस याच पद्धतीने पायरी पायरी चढतो, कारण कमाल रकमेची भानगडच त्याला कळलेली नसते. फरक एवढाच की तो बोली मागे घेत नाही. घेतली, आणि तीही वारंवार, तर वहीत लिहा. उपाय सोपा आहे: आकडा कागदावर आधी लिहून ठेवा आणि तो लिलावाच्या अगदी शेवटी टाका. जे दिसतच नाही ते चाचपणार कसं?

‘विकला गेला’ हा भाव खरा मानणं

गेल्या पावसाळ्याआधी एका विक्रेत्याने बहादुरचा एक अंक २,६०० ला ‘सोल्ड’ दाखवला. ग्रुपवर हळहळ. बहादुर १९७६ चा, आबिद सुरतींचा देशी नायक, आपल्या पिढीचा जीव की प्राण. पुढच्या आठवड्यात तिघांनी आपापले बहादुर दोन हजारांच्या पुढे लावले. दोन महिन्यांनी त्याच विक्रेत्याने ‘आणखी एक प्रत’ काढली. फोटो मोठा करून पाहिला. कव्हरच्या उजव्या कोपऱ्यात चहाच्या कपाची अर्धी गोल खूण, खालच्या पिनेभोवती गंजाचा डाग, थेट मिरचीच्या बीसारखा. जुना फोटो शेजारी ठेवला. तोच कप, तीच मिरची.

म्हणजे २,६०० ला काहीच विकलं गेलं नव्हतं. खरा गिऱ्हाईक पैसे न भरता पळाला असंही होतं, तेव्हा एकदा दिसलं तर सोडून द्या. माझ्या वहीत त्या विक्रेत्याचे असे तीन अंक जमले, तेव्हा मी तिथे बोली लावणं बंद केलं. ‘सोल्ड’ पोस्टचे फोटो जपून ठेवत जा. नवा करकरीत अंक ओळखता येत नाही, पण जुन्या अंकाला अंगावरच्या तिळासारख्या खुणा असतात.

याचाच धाकटा भाऊ म्हणजे ‘जिंकणारा मागे हटला, तुमच्या शेवटच्या बोलीला देतो’ असा हरल्यावर तासाभरात येणारा मेसेज. डमी चुकून जिंकला की असंच होतं. नकार द्यायची गरज नाही, पण डमी ज्या पायरीवर शिरला त्याच्या आधीचा भाव सांगा. विक्रेता खळखळ न करता कबूल झाला, तर काय ते समजा.

भाव चढण्याची खरी कारणं न तपासणं

इंद्रजाल मार्च १९६४ ला सुरू झालं आणि १९९० ला थांबलं. अंक आठशेच्या आसपास. ज्याच्याकडे सातशे नव्वद आहेत तो उरलेल्या दहांसाठी काहीही मोजतो. मराठी अंकवाले वेगळे, इंग्रजीवाले वेगळे. अमर चित्रकथेत तर गोंधळच आहे. १९६७ पासून त्याच कथा पुन्हा पुन्हा छापल्या गेल्या आणि मूळ वर्ष पाहून पुनर्मुद्रणाला पहिली आवृत्ती समजणारे दोघं भेटले की लिलाव पेटतो. त्यात डमी कोणी नसतो, दोघंही खरेच असतात, फक्त चुकलेले. बाइंडिंगमधून सोडवलेले अंकही बघून घ्या. तिन्ही कडा कापलेल्या असतात आणि समोरून काढलेल्या फोटोत ते कळत नाही, म्हणून अंकाशेजारी मोजपट्टी ठेवून फोटो मागा.

कापलेल्या कडांवरून आठवलं. खेळांच्या संग्राह्य वस्तूंचे लिलाव करणारा अमेरिकेतला बिल मास्ट्रो हा त्या धंद्यातला बडा माणूस होता. होनस वॅग्नर या जुन्या बेसबॉलपटूचं जगप्रसिद्ध चित्रकार्ड कडा कापून चांगलं दिसेल असं केल्याचं आणि लिलावांत खोट्या बोली लावून भाव फुगवल्याचं त्याने कबूल केलं. २०१५ मध्ये त्याला २० महिन्यांची कैद झाली. तेव्हा ‘मोठं नाव आहे, ते कशाला करतील’ हे म्हणणं राहू द्या.

कायदा आपल्या बाजूने नाही, असं समजणं

आहे, आणि जुना आहे. वस्तुविक्री कायदा, १९३०, कलम ६४. विक्रेत्याला स्वतःच्या मालावर बोली लावायची असेल तर तो हक्क त्याने आधी उघडपणे राखून ठेवला पाहिजे. तसं न सांगता त्याने स्वतः किंवा माणूस लावून बोली लावली, तर खरेदीदार ती विक्री फसवणूक मानू शकतो. खोट्या बोलीने भाव चढवला असेल, तर सौदा रद्द करायचा की नाही हे खरेदीदाराच्या मर्जीवर. राखीव किंमत, म्हणजे त्याखाली विकणार नाही असा आकडा, ठेवणं मात्र कायदेशीर आहे, म्हणून लिलावगृहाच्या अटी बोली लावण्याआधी वाचा. तिथे विक्रेत्याचा बोलीचा हक्क लिहिलेला असेल तर नंतर ओरडून उपयोग नाही.

व्यवहारात हजार-दोन हजारांसाठी कोणी कोर्टात जात नाही. पैसे देण्याआधी संशय पक्का झाला, तर वेळेसकट स्क्रीनशॉट काढा, अ‍ॅडमिनला खासगीत पाठवा आणि सौदा नाकारा. पैसे घेऊन अंक आलाच नाही, तर ताबडतोब १९३० वर फोन. कायद्याचं साल आणि सायबर हेल्पलाइनचा नंबर एकच निघाला, लक्षात ठेवायला बरं.

आता तो कमळाच्या फुलाचा माणूस. माझ्या पोस्टनंतर अ‍ॅडमिनचा फोन आला. ‘नेरूळला राहतात. सत्तरीचे आहेत. जाऊन भेटून या आणि पोस्ट काढा.’ रविवारी ठाण्याहून नेरूळ लोकल पकडली, वाटभर काय बोलायचं ते जुळवत. काकांनी दार उघडलं आणि आधी पाणी विचारलं. पलंगाखालून पत्र्याची ट्रंक ओढली. प्रत्येक अंक वेगळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, मधून मधून डांबराच्या गोळ्या. २६ जुलै २००५ ला त्यांच्या कल्याणच्या तळमजल्यावरच्या घरात पाणी शिरलं आणि सगळं इंद्रजाल लगदा होऊन गेलं. तेव्हापासून ते एक एक अंक परत जमवत होते. डायरीच्या मागच्या पानावर राहिलेले नंबर, मिळाला की काट. मी हरलेले तिन्ही नंबर त्या यादीत होते. मी माफी मागितली, त्यांनी पोहे पुढे केले.

निघताना ते म्हणाले, ‘आपण आधी फोनवर ठरवत जाऊ ना, कुणी बोली लावायची ते. उगाच एकमेकांचे पैसे कशाला वाढवायचे?’ मला क्षणभर पटलंही. मग म्हटलं, ‘काका, विक्रेत्याने केलं तर तो डमी, आणि आपण केलं तर?’ ते हसले. ‘बरं, मग लढा.’ मागच्या शनिवारी मँड्रेकच्या एका अंकावर त्यांनी मला पन्नास रुपयांनी हरवलं, नऊ एकोणसाठला.