वसतिगृहात नव्या विद्यार्थ्यांचे स्वागत करताना या चुका टाळा

अभियांत्रिकी, वैद्यकीय किंवा कृषी महाविद्यालयाच्या वसतिगृहात नवीन तुकडी दाखल होऊ लागली की तिच्या स्वागताची जबाबदारी कागदोपत्री रेक्टरची असते, पण प्रत्यक्षात ती दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांवर येऊन पडते. गरम पाणी किती वाजेपर्यंत मिळते, मेसची आगाऊ रक्कम कोणाकडे भरायची, गावी जाताना रजेचा अर्ज कुठे द्यायचा, हे नव्या मुलाला पहिल्यांदा सांगणारा बहुतेक वेळा शेजारच्या खोलीतला सिनियरच असतो. वसतिगृह समितीतल्या अशा विद्यार्थ्यांसाठी आणि त्यांच्यासोबत काम करणाऱ्या रेक्टरांसाठी हे लिहीत आहे. प्रवेश पक्का होऊन खोलीची किल्ली मिळाली की नवा विद्यार्थी त्या वसतिगृहाचा पूर्ण सदस्य झालेला असतो आणि हे सदस्यत्व त्याने पुढे काहीतरी सोसून मिळवायचे नसते. स्वागतात होणाऱ्या बहुतेक चुका एवढी एक गोष्ट नजरेआड झाल्यामुळे होतात, असे माझे ठाम मत आहे.

ओळखीच्या कार्यक्रमाला परीक्षेचे रूप देणे

ही सर्वांत जुनी आणि सर्वांत घातक चूक आहे. रात्री उशिरा नव्या मुलांना एका खोलीत बोलावायचे, शर्टाच्या तिसऱ्या बटणावर नजर ठेवून उभे राहायला सांगायचे, सगळ्या सिनियरांची नावे व गावे पाठ करून म्हणून घ्यायची आणि या सगळ्याला ‘इंट्रो’ म्हणायचे, अशी पद्धत अनेक ठिकाणी चालत आली आहे. ती चालवणाऱ्यांना आपण कोणाचा छळ करत आहोत असे वाटत नाही. ‘आमचीही झाली होती, त्यातूनच मैत्री झाली, मुलांचा बुजरेपणा जातो’ असे ते मनापासून सांगतात. परंतु विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांतील व्याख्या पाहिली, तर नव्या विद्यार्थ्याला एरवी तो स्वतःहून करणार नाही अशी कोणतीही गोष्ट करायला लावणे आणि त्यातून त्याला लाज, भीती किंवा मानहानी वाटणे हे रॅगिंगच ठरते. हेतू गमतीचा होता, ही सबब तिथे टिकत नाही.

मैत्रीच्या युक्तिवादाचे काय होते, हे अमेरिकेतल्या विद्यार्थी बंधुसंघांच्या इतिहासात स्पष्ट दिसते. तिथल्या फ्रॅटर्निटींमध्ये नवागताला काही आठवडे ‘प्लेज’ म्हणून उमेदवारी करावी लागे आणि त्यानंतरच त्याला पूर्ण सदस्य मानले जाई. या उमेदवारीच्या काळातच छळाचे आणि जबरदस्तीने दारू पाजण्याचे प्रकार वाढत गेले व त्यांत अनेक तरुणांचे जीव गेले. पेनसिल्व्हेनियातल्या एका विद्यापीठात २०१७ साली झालेल्या टिमोथी पियाझा या विद्यार्थ्याच्या मृत्यूनंतर त्या राज्याने कायदा कडक केला आणि डिसेंबर २०२४ मध्ये अशा घटनांची आकडेवारी जाहीर करण्याचे बंधन महाविद्यालयांवर घालणारा केंद्रीय कायदाही झाला. झीटा बीटा टाऊ या संघटनेने १९८९ मध्ये, तर सिग्मा अल्फा एप्सिलॉन या मोठ्या संघटनेने २०१४ मध्ये उमेदवारीची ही पायरीच काढून टाकली. आधी कसोटी आणि मग आपलेपणा हा क्रम ज्यांनी दीर्घकाळ जपला, त्यांच्यातल्याच काहींना तो मोडावा लागला, ही गोष्ट आपल्याकडच्या सिनियरांनी जरूर लक्षात घ्यावी.

मग ओळख करून घ्यायची तरी कशी? कार्यक्रम मेसमध्ये किंवा सामाईक सभागृहात, उजेडी आणि रेक्टरांना कळवून ठेवावा. बोलायला आधी सिनियरांनी सुरुवात करावी: आपले नाव, शाखा आणि आपल्याकडून कोणती मदत मिळू शकेल, म्हणजे कोणाकडे जुनी पुस्तके आहेत, कोणाला शहरातल्या बसचे मार्ग माहीत आहेत, गणिताच्या पहिल्या सत्रासाठी कोणाकडे जावे. त्यानंतर नव्यांनी जेवढे सांगावेसे वाटेल तेवढेच सांगावे, आणि तेही बसून. साठ जणांसमोर एकेकाला उभे करण्याऐवजी सहा-सात जणांचे गट केले, तर बुजरा मुलगाही दहा मिनिटांत बोलू लागतो.

आडनाव, रँक आणि प्रवर्ग विचारणे

या चुकीवर थोडे थांबायला हवे, कारण ती करणाऱ्याच्या ती अनेकदा ध्यानातही येत नाही. ‘पूर्ण नाव सांग’, ‘सीईटीला किती पर्सेंटाइल’, ‘कोणत्या फेरीत लागला’, ‘फी किती भरलीस’ हे प्रश्न वरवर साधे असतात. मात्र या चार उत्तरांतून समोरच्याची जात, प्रवर्ग आणि घरची परिस्थिती सर्वांसमक्ष उघडी होते, आणि त्या खोलीत पुढची चार वर्षे त्याच्याकडे कसे पाहिले जाईल हे तिथेच ठरून जाते. २०१९ मध्ये मुंबईत पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या आदिवासी डॉक्टर पायल तडवी यांच्या मृत्यूनंतर उच्च शिक्षणातील जातीय छळाची चर्चा देशभर झाली. त्याच्या तीन वर्षे आधीच, २०१६ च्या दुरुस्तीने, आयोगाने जात, धर्म, वर्ण, लिंग, प्रादेशिक मूळ, भाषिक ओळख आणि आर्थिक पार्श्वभूमी यांवरून होणारा शारीरिक व मानसिक छळ रॅगिंगच्या व्याख्येत स्पष्टपणे घातला होता.

महाराष्ट्रातल्या वसतिगृहांना तर याबाबत स्वतःचीच मोठी परंपरा आहे. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात विविध समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभारली, आणि कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सुरू केलेल्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहून, एकत्र स्वयंपाक करून एकाच पंक्तीत जेवत असत. तिथे प्रवेशाबरोबरच मुलगा घरचा होत असे. खेड्यातून आलेल्या, घरातल्या पहिल्याच पदवीधर होऊ पाहणाऱ्या मुलाला शहरातल्या वसतिगृहात आजही नेमकी हीच खात्री हवी असते.

व्यवहारात यासाठी एक नियम पुरेसा आहे: पहिल्या महिन्यात गुण, रँक, प्रवर्ग, फी आणि वडिलांचा व्यवसाय यांबद्दल कोणीही नव्या विद्यार्थ्याला विचारायचे नाही. दारावर आणि याद्यांवर रँक किंवा प्रवर्ग लिहायचा नाही. खोल्यांची वाटणी समितीच्या हातात असेल, तर एकाच गावची किंवा एकाच प्रवर्गाची मुले एकत्र कोंबली जात नाहीत ना, हे तपासायचे.

सगळी माहिती पहिल्याच दिवशी सांगून मोकळे होणे

बहुतेक ठिकाणी पहिल्या सोमवारी एक लांबलचक सभा होते, तीत नियम वाचून दाखवले जातात आणि स्वागत संपले असे मानले जाते. त्या दिवशी मुलाचे आई-वडील एसटी पकडण्याच्या घाईत असतात, त्याने गादी अजून विकत घेतलेली नसते आणि त्याच्या कानावर पडलेल्यापैकी फारसे काही लक्षात राहत नाही. शिवाय राज्यातील अभियांत्रिकीची केंद्रीभूत प्रवेशप्रक्रिया तीन-चार फेऱ्यांत चालते आणि त्यानंतर संस्थास्तरावरच्या जागा भरल्या जातात, त्यामुळे शेवटी आलेली मुले त्या सभेला नसतातच. उशिरा येणारा विद्यार्थी सर्वाधिक गोंधळलेला असतो, वर्ग सुरू झालेले असतात, मित्रांचे गट जमलेले असतात, आणि नेमके त्याच्यासाठी कोणी काही केलेले नसते. म्हणून प्रत्येक फेरीनंतर स्वागताची छोटी पुनरावृत्ती करावी.

माहितीचे तीन भाग पाडावेत. पहिल्या दिवशी फक्त राहणे, खाणे आणि अडचणीत कोणाला फोन करायचा एवढेच सांगावे. पहिल्या आठवड्यात अभ्यासाच्या गोष्टी: हजेरीची ७५ टक्क्यांची अट, जर्नल व टर्मवर्क म्हणजे काय, सबमिशन कसे होते, एटीकेटीचा, म्हणजे काही विषय राहूनही पुढच्या वर्षात जाण्याचा, नियम कसा लागू होतो. तिसरा भाग शिष्यवृत्तीचा, आणि तो पहिल्या महिन्यात सवडीने, संगणकासमोर बसून समजावावा. महाडीबीटी या राज्य शासनाच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावरचा अर्ज, आधारशी जोडलेले बँक खाते, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर, जात वैधता प्रमाणपत्र यांतला एखादा कागद अडला, तर मुलाचे वर्षाचे आर्थिक गणित कोलमडते. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे, तसेच शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे, हे अनेक पात्र मुलांना कोणी सांगितलेलेच नसते. गेल्या वर्षी हा अर्ज स्वतः भरलेला सिनियर ही मदत कोणत्याही कार्यालयापेक्षा चांगली करू शकतो. मात्र मदत करताना त्याने लाभार्थ्यांची यादी सूचना फलकावर लावू नये आणि कोणाचा पासवर्ड किंवा ओटीपी स्वतःकडे ठेवू नये.

जबाबदारी ‘सर्वांची’ ठेवणे

‘काही लागले तर कोणालाही सांग’ हे वाक्य उदार वाटते, पण नवा मुलगा त्यामुळे कोणालाच काही सांगत नाही. आयोगाच्या विनियमांत यासाठी चांगली रचना दिलेली आहे: स्वेच्छेने पुढे आलेल्या विद्यार्थ्यांतून मार्गदर्शक नेमावेत, सहा नवीन विद्यार्थ्यांमागे एक मार्गदर्शक असावा आणि खालच्या स्तरावरच्या सहा मार्गदर्शकांवर वरच्या वर्गातला एक असावा. बहुतेक महाविद्यालये ही रचना कागदावर दाखवतात. ती खरोखर चालवली, तर वसतिगृहाचे निम्मे प्रश्न रेक्टरांपर्यंत जाण्याआधीच सुटतील. मार्गदर्शकाने पहिले पंधरा दिवस रोज एकदा आपल्या सहाही जणांना भेटावे, जेवायला शक्यतो सोबत न्यावे आणि सहावा कुठे आहे हे बाकीच्या पाचांना विचारण्याची सवय ठेवावी. वर्गात जो सर्वांत लोकप्रिय आहे त्यालाच मार्गदर्शक करण्याचा मोह टाळावा, कारण या कामाला ऐकून घेणारा माणूस लागतो.

मदतीच्या बदल्यात कामे करून घेणे

नोट्स दिल्या म्हणून जर्नल लिहून घेणे, ड्रॉइंग शीट काढून घेणे, चहा-नाश्ता आणायला पाठवणे, मोबाइलचे रिचार्ज करायला लावणे, हे सगळे विनियमांत रॅगिंगच्या व्याख्येत बसते. स्वागत समारंभासाठी नव्यांकडूनच सक्तीची वर्गणी काढणेही त्यातच मोडते. कार्यक्रम यजमानांचा आहे, तेव्हा खर्चही त्यांनी आपल्या ऐपतीत करावा.

व्हॉट्सअॅप गट बेवारस सोडणे

अलीकडे बराच त्रास खोलीत न होता फोनवर होतो. सिनियरांनी काढलेल्या अनौपचारिक गटात रात्री बारानंतर आदेश येतात, उत्तर न देणाऱ्याला बहिष्काराची धमकी दिली जाते, आणि रेक्टरांना त्याचा पत्ता नसतो. अशा गटांवर लक्ष ठेवण्याची सूचना आयोगाने २०२५ मध्ये दिली आहे. अधिकृत गट एकच असावा, त्यात रेक्टर किंवा एखादे प्राध्यापक असावेत, आणि त्यात नसलेली सूचना पाळण्याचे बंधन नाही हे नव्यांना पहिल्या दिवशीच सांगून ठेवावे.

काही बिघडले तर

मुलगा मेसमध्ये दिसत नाही, दर शनिवारी सकाळच्या पहिल्या गाडीने गावी जातो, वर्गात जायचे टाळतो किंवा खोली बदलून मागतो, ही लक्षणे ‘घरची आठवण येत असेल’ म्हणून सोडून देऊ नयेत. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला पहिले काही आठवडे इंग्रजीतली व्याख्याने डोक्यावरून जातात, आणि मराठी न येणाऱ्या परराज्यातल्या मुलाला खोलीतल्या गप्पांत भाग घेता येत नाही. दोघांचेही एकटेपण बाहेरून सारखेच दिसते, पण उपाय वेगळे असतात. पहिल्याला त्याच माध्यमातून पुढे गेलेल्या सिनियरशी जोडून द्यावे. दुसऱ्यासाठी खोलीतल्या मुलांनी तो असेपर्यंत हिंदीत बोलण्याइतका विचार दाखवावा आणि हळूहळू त्याला मराठीही शिकवावी. निराशा खोल वाटत असेल तर समुपदेशकाकडे सोबत जावे. ‘टेलि-मानस’ची १४४१६ ही दूरध्वनी सेवा चोवीस तास विनामूल्य उपलब्ध असते.

छळाची तक्रार आली, तर समितीने ‘आपापसात मिटवू’ असे कधीही म्हणू नये. १९९९ च्या महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंधक कायद्यानुसार दोषी ठरणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास व दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, त्याला संस्थेतून काढून टाकले जाते आणि पाच वर्षे इतरत्र प्रवेश मिळत नाही. संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करणे बंधनकारक असून त्यात हयगय केल्यास त्यालाही गुन्ह्यास साहाय्य केल्याबद्दल जबाबदार धरले जाते. छळ करणारे ओळखू आले नाहीत, तर विनियमांनुसार सामूहिक शिक्षेचीही तरतूद आहे, त्यामुळे गप्प राहणारा मजलाच्या मजला अडचणीत येऊ शकतो. तक्रार लेखी घ्यावी, त्याच दिवशी रेक्टर व रॅगिंगविरोधी समितीकडे द्यावी, आणि तक्रार करणाऱ्याला एकटे न सोडता त्याच्या संमतीने त्याची खोली सुरक्षित ठिकाणी हलवावी. त्याला थेट बोलायचे असेल, तर १८००-१८०-५५२२ ही राष्ट्रीय मदतवाहिनी चोवीस तास चालू असते. हा क्रमांक प्रत्येक मजल्यावर लावलेला असावा.

वर्ष संपत आले की, वार्षिक परीक्षेच्या आधी, प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांकडून नाव न लिहिता दोन प्रश्नांची उत्तरे घ्यावीत: आल्यानंतर कोणती माहिती उशिरा मिळाली, आणि पहिल्या महिन्यात कोणाशी बोलायची भीती वाटली. त्या उत्तरांवरून पुढच्या तुकडीचे मार्गदर्शक सुट्टीपूर्वीच नेमून त्यांची नावे व फोन क्रमांक, त्यांच्या परवानगीने, प्रवेशपत्रासोबत पाठवण्याची सोय कार्यालयाकडून करून घ्यावी.