अमेरिकन यादवी युद्धाचे विद्यार्थी-कोश वापरताना या चुका टाळा

अमेरिकेतल्या यादवी युद्धावरचे (१८६१–१८६५) विद्यार्थ्यांसाठीचे कोश मेहनतीने केलेले असतात. मुलं मात्र हवी ती नोंद उघडतात, मोबाइलवर फोटो काढतात आणि निघतात. मग दरवर्षी त्याच चुका माझ्या टेबलावर येतात.

बी.ए.च्या एका मुलीने लढायांचा तक्ता आणला होता. सुबक, दोन रंगांत आखलेला. त्यात बुल रनच्या दोन लढाया होत्या आणि मनाससच्याही दोन. म्हटलं, "अगं, तारखा बघ." २१ जुलै १८६१ दोन्हीकडे, ऑगस्ट १८६२ही दोन्हीकडे. तिचा चेहराच पडला. सगळ्या बेरजा चुकल्या होत्या. एकाच लढाईला उत्तरेकडचे (संघराज्याच्या बाजूचे) बहुधा जवळच्या नदी-ओढ्याचं नाव देत, दक्षिणेकडचे (फुटून निघालेल्या राज्यांचे) गावाचं किंवा रेल्वे स्थानकाचं. म्हणून बुल रन तीच मनासस, अँटिएटम तीच शार्प्सबर्ग. कोशात हे सांगितलेलं असतं, पण सूचीत, 'पाहा' या बारीक शब्दापुढे. फोटो काढणाऱ्याला ते कसं दिसणार? मी आधी सूची वाचतो, वहीच्या डाव्या पानावर दोन्ही नावं आणि तारीख लिहितो, मगच उजवीकडे टिपण. वेळ लागतो, लागू दे.

दुसरी चूक मला जास्त छळते. 'कॅज्युअल्टीज'चं भाषांतर 'मृत' असं करू नका! त्यात ठार, जखमी, कैद झालेले आणि बेपत्ता असे सगळे येतात. 'गेटिसबर्गला ५१,००० मेले' हे वाक्य मी किती वेळा खोडलं असेल. ५१,००० ही एकूण हानी. तीन दिवसांत रणांगणावर ठार झालेले सात-आठ हजारांच्या घरात. अँटिएटमला एका दिवसात हानी सुमारे २३,०००, ठार सुमारे ३,६५०. 'हताहत' शब्द जवळचा, पण त्यात कैदी बसत नाहीत. मी 'एकूण हानी' लिहितो आणि चार रकाने पाडतो. शिवाय या युद्धात गोळीपेक्षा रोगाने जास्त सैनिक गेले. ते लढायांच्या तक्त्यात सापडणारच नाहीत.

आवृत्तीचं सालही बघा. जुन्या पुस्तकांत एकूण मृत ६,२०,००० असतात. २०११मध्ये जनगणनेच्या आधारे मांडलेला अंदाज साडेसात लाखांच्या आसपास आहे.

राष्ट्राध्यक्ष लिंकनच्या १ जानेवारी १८६३च्या मुक्तीच्या जाहीरनाम्याने सगळे गुलाम मुक्त झाले, असं लिहू नका. केंटकी, मिसुरी, मेरिलँड, डेलावेअर ही गुलामगिरी असलेली, पण संघराज्यातच राहिलेली राज्यं त्यात नव्हती. देशभर गुलामगिरी संपवणारी तेरावी घटनादुरुस्ती डिसेंबर १८६५मध्ये मंजूर झाली.

आणि 'युद्ध फक्त राज्यांच्या हक्कांसाठी' असं सांगणारं पुस्तक हाती आलं, तर मिसिसिपी या दक्षिणेकडच्या राज्याने संघराज्यातून फुटून निघताना दिलेली कारणं वाचा. दुसऱ्याच वाक्यात गुलामगिरी आहे. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली, ती त्यांनी गुलामांना मुक्त केलं म्हणून. मराठी मुलांनी तरी हे कारण गाळू नये.

शेवटी फौजांची नावं: 'आर्मी ऑफ द टेनेसी' उत्तरेची, नदीच्या नावाची. 'आर्मी ऑफ टेनेसी' दक्षिणेची, राज्याच्या नावाची. उतरवून घेताना तो 'द' सोडू नका.