यादी ओढून लावली, पण सेव्ह केल्यावर क्रम का बिघडतो?

नागपूरच्या धरमपेठेत डबे करणाऱ्या एका मावशींना मी फॉर्म बनवून दिला. डबे पोचवायचा क्रम त्यात ओढून लावायचा: धरमपेठ, सीताबर्डी, महाल, इतवारी. मावशींनी लावला, सेव्ह केला, आणि पान पुन्हा उघडलं तर इतवारी सगळ्यात वर! मे महिन्याच्या उन्हात डबे पोचवणाऱ्या पोराला उलटसुलट चकरा पडल्या. चूक माझीच.

फॉर्म सबमिट होताना यादीच्या ओळी सर्व्हरकडे जातच नाहीत. जातात ती फॉर्मची माहिती भरायची खानी: इनपुट, सिलेक्ट, टेक्स्टएरिया. तेही नेम दिलेले आणि डिसेबल नसलेले.

म्हणून आधी प्रत्येक ओळीच्या आत एक हिडन, म्हणजे पानावर न दिसणारं, इनपुट ठेवा. व्हॅल्यूमध्ये त्या ठिकाणाचा आयडी, आणि नेम सगळ्यांना एकच. सर्व्हरवर पीएचपी ही भाषा वापरत असाल तर नेमच्या शेवटी रिकामा चौकटी कंस हवा, नाहीतर फक्त शेवटची व्हॅल्यू हाती लागते. ओळ हलली की तिच्या पोटातलं इनपुटही हलतं, आणि ब्राउझर इनपुट पानाच्या रचनेतल्या क्रमानेच पाठवतो. जावास्क्रिप्टने वेगळं काही मोजायची गरज नाही. कंसात ०, १, २ मात्र लिहू नका. ओळ वर जाते, आकडा जुनाच राहतो. सीएसएसच्या (पानाच्या दिसण्याचे नियम) ऑर्डरने ओळी हलवल्या तर तो नुसता देखावा, रचना जागची हलत नाही.

आता डेटाबेस. माझा घोळ इथेच होता. टेबलमध्ये क्रमाचा एक कॉलम घ्या, आलेल्या आयडींवरून लूप फिरवा आणि १, २, ३ असे आकडे भरा. सगळं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे सगळे बदल एकत्र होतील, नाहीतर एकही नाही. आलेले आयडी त्याच यादीतले आहेत ना, तेही तपासा. वाचताना क्वेरीत क्रमाच्या कॉलमवर ‘ऑर्डर बाय’ लिहायलाच हवं. ते नसेल तर डेटाबेस कोणत्याही क्रमाची हमी देत नाही.

गडबड कुठे आहे हे कळत नसेल तर ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये पेलोड, म्हणजे सर्व्हरकडे गेलेला डेटा, बघा. तिथे क्रम बरोबर असेल तर दोष सर्व्हरकडचा.

मोबाइलवर बोटाने ओढणं नीट जमेलच असं नाही. प्रत्येक ओळीला ‘वर’ आणि ‘खाली’ अशी बटणं द्या. दाबल्यावर तीच ओळ रचनेत एक जागा सरकवायची, बाकी कोड तोच. मावशी आता बटणंच वापरतात.