जपानीचा नवीन वर्षाचा संकल्प मी कसा बदलला

"या वर्षी जपानी शिकायचं" असलं ध्येय जानेवारी संपेपर्यंत पण टिकत नाही, कारण आज बसून नेमकं काय करायचं ते त्यात कुठेच नसतं. म्हणून यंदा उलटं केलं, आधी परीक्षेची तारीख धरली. जेएलपीटी ही जपानी भाषेची परीक्षा जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी असते, फॉर्म त्याच्या बरेच आधी बंद होतात, मग एन५, म्हणजे तिची सगळ्यात सोपी पातळी, जुलैला द्यायची असं ठरवून तिथून मागे मागे मोजत आलो.

एन५ पास व्हायला 180 पैकी 80 मार्क लागतात, पण नुसते तेवढे मिळून भागत नाही, लिसनिंगमध्ये 60 पैकी 19 वेगळे पाहिजेत, आणि नेमकं तेच टाळलं जातं कारण कांजी (जपानीत वापरली जाणारी चिनी चित्राक्षरं) गिरवताना कसं अभ्यास झाल्यासारखं वाटतं ना! तर आता रोज आधी ऐकणं, मग बाकीचं.

अंकी या फ्लॅशकार्डच्या ॲपमध्ये डिफॉल्टला रोज 20 नवीन कार्ड येतात, ते सरळ कमी करून टाकलं. कार्ड आज सोपं वाटतं पण त्याची रिव्हिजन पुढे येतच राहते, दोन दिवस सुटले की डोंगर. (जोयो कांजी, म्हणजे रोजच्या वापरासाठी ठरवलेल्या कांजी, 2136 आहेत, त्या सगळ्या एका वर्षात करणार म्हणणाऱ्याला आपला नमस्कार.)

बोलणं जेएलपीटीत तपासतच नाहीत, त्यामुळे त्याचं ध्येय वेगळं लिहिलंय, आठवड्यातून एकदा दिवसभर काय केलं ते जपानीत बोलून फोनवर रेकॉर्ड करायचं. परत ऐकताना लाज वाटते, पण वा आणि गा हे शब्दांना लागणारे प्रत्यय कुठे गडबडले ते लगेच कळतं.