हेडसेट लावून खोली आखताय? या चुका टाळा

मिक्स्ड रिॲलिटीत, म्हणजे खऱ्या खोलीवर आभासी वस्तू दाखवणाऱ्या हेडसेटमधून, खोली आखायला घेतली की पहिली दहा मिनिटं सगळं सोपं वाटतं. रिकाम्या कोपऱ्यात कपाट उभं राहतं, टेबल नुसत्या हाताने सरकतं, हवेत रेघ मारली की पार्टिशन तयार. घोळ कळतो तो सुतार खरं कपाट घेऊन आल्यावर, ते ३० मिलिमीटरने अडलं की. अशा वेळी रेखाटनाला दोष दिला जातो, पण चूक बहुतेकदा त्याच्या आधीच झालेली असते: मापात, जुळवणीत किंवा एककात. आणि हेडसेटमधून ती दिसत नाही, कारण चुकीच्या जागी ठेवलेलं कपाटही तितकंच ठाम दिसतं.

स्कॅनमधलं माप पक्कं धरणं

लायडार (लेझर किरणांनी अंतर मोजणारा सेन्सर) असलेल्या फोनने किंवा हेडसेटने केलेला स्कॅन खोलीचा आकार समजून घ्यायला उत्तम. पण त्यातल्या भिंतींवरून फर्निचर कापायला देऊ नका. सॉफ्टवेअर विखुरलेल्या बिंदूंतून सपाट भिंत 'ठरवतं', कोपरे सरळ करतं, स्कर्टिंग (भिंतीच्या पायथ्याची पट्टी) गिळून टाकतं. एक-दोन सेंटिमीटरचा फरक यात सहज पडतो.

शिवाय स्कॅनच्या स्वतःच्या मर्यादा असतात. ॲपलने २०२२ मध्ये आणलेल्या रूमप्लॅन या खोली स्कॅन करण्याच्या सुविधेसाठी दिलेला सल्ला असा: खोली साधारण ९ बाय ९ मीटरच्या आत, उजेड किमान ५० लक्स (उजेड मोजायचं एकक), आणि एक स्कॅन ५ मिनिटांपेक्षा लांबवू नये. मोठा हॉल एका दमात फिरून स्कॅन केला की शेवटची भिंत पहिल्या भिंतीला नीट मिळत नाही, ती यामुळेच.

आरसा, काच आणि चकचकीत काळा पृष्ठभाग हे तिघे कायमचे त्रासदायक. आरशाच्या मागे स्कॅनमध्ये आणखी एक खोली उगवते, काचेतून किरण पार जातात, आणि काळा रंग इन्फ्रारेड शोषून घेतो. आरशावर चादर टाका. काचेवर कागद चिकटवा. टेपची एखादी फुली पुरत नाही.

त्यानंतर मोजपट्टी किंवा लेझर मीटर घ्या. जिथे काही बसवायचं आहे तिथली रुंदी तीन उंचींवर मोजा: स्कर्टिंगच्या लगेच वर, एक मीटरवर आणि छताजवळ. त्यातलं सर्वांत लहान माप धरा. मग खोलीचे दोन्ही कर्ण मोजा. ३ बाय ४ मीटरची खोली गुण्यात, म्हणजे कोपरे काटकोनात, असेल तर दोन्ही कर्ण ५ मीटर येतात. समोरासमोरच्या भिंती समांतर असूनही कोपरे अर्ध्या अंशाने तिरके असतील, तर दोन कर्णांत सुमारे ४२ मिलिमीटरचा फरक दिसतो. ६०० मिलिमीटर खोल कपाटाच्या बाजूला तो अर्धा अंश ५ मिलिमीटरची फट ठेवतो. ३ मीटर लांब ओट्याला २६ मिलिमीटरची. पहिली पट्टी लावून झाकता येते, दुसरी नाही.

जुळवणीचे बिंदू जवळजवळ घेणं

सगळ्यात जास्त काम बिघडतं ते इथे. आराखडा खऱ्या खोलीवर बसवण्यासाठी बहुतेक ॲप दोन बिंदू मागतात: मॉडेलमधला, म्हणजे संगणकावर काढलेल्या त्रिमितीय आराखड्यातला, कोपरा आणि खोलीतला तोच कोपरा, मग दुसरा. सोयीचं म्हणून लोक दाराच्या चौकटीचे दोन कोपरे निवडतात.

हिशेब करून बघा. बिंदू एकमेकांपासून ५०० मिलिमीटरवर आहेत आणि कंट्रोलर (हातात धरायचं साधन) टेकवताना एका बिंदूत ५ मिलिमीटरची चूक झाली. म्हणजे संपूर्ण आराखडा शंभरात एक या प्रमाणात वळला. ६ मीटर पलीकडच्या भिंतीशी तो ६० मिलिमीटर बाजूला जातो. तेच दोन बिंदू ४ मीटर अंतरावर घेतले असते तर तीच ५ मिलिमीटरची चूक ६ मीटरवर ७.५ मिलिमीटरपुरती राहिली असती. हात तोच, चूक तीच, फरक फक्त बिंदूंमधल्या अंतराचा.

म्हणून बिंदू खोलीच्या कर्णावर, शक्य तितके लांब घ्या. गिलाव्याचा गोलसर कोपरा निवडू नका. जमिनीवर मास्किंग टेपने फुली करा, तिचं भिंतींपासूनचं अंतर मोजा आणि तोच बिंदू मॉडेलमध्ये काढा. जुळवून झाल्यावर न वापरलेला तिसरा बिंदू तपासा. तो १० मिलिमीटरपेक्षा जास्त हुकला तर पुढे जाऊ नका, पुन्हा जुळवा. आराखडा हाताने 'थोडासा' सरकवण्याचा मोह होतो, पण एक कोपरा सुधारताना बाकीचे तीन बिघडतात.

फिरता फिरता मॉडेल सरकणं

सकाळी जुळवलेलं कपाट दुपारी भिंतीत रुतलेलं दिसतं. हेडसेट आपली जागा आसपासच्या खुणांवरून ओळखतो. कोरी पांढरी भिंत, अंधुक उजेड, हलणारा पडदा किंवा मधेच हलवलेलं सामान असेल तर त्याला पकड मिळत नाही. कोऱ्या भिंतींवर तात्पुरते छापील कागद लावा, प्रत्येक वेगळा हवा. एकसारख्या नक्षीने तो आणखी गोंधळतो.

अँकर म्हणजे आभासी वस्तू खऱ्या जागेशी बांधून ठेवणारा बिंदू. त्यापासून दूर ठेवलेली वस्तू जास्त सरकते. होलोलेन्स या आपल्या हेडसेटसाठी मायक्रोसॉफ्टचा सल्ला वस्तू अँकरपासून ३ मीटरच्या आत ठेवण्याचा आहे, आणि इतर हेडसेटवरही तो धरून चालायला हरकत नाही. दोन खोल्यांचं काम असेल तर प्रत्येक खोलीला वेगळा अँकर द्या.

चाचणी सोपी आहे. जमिनीवरच्या फुलीवर आभासी खूण ठेवा, पूर्ण जागेत एक फेरी मारून परत या आणि दोन्ही खुणांमधलं अंतर बघा. आखणीची गंभीर बैठक या फेरीनंतरच सुरू करावी.

एकक आणि अक्ष न तपासणं

मॉडेल उघडलं आणि आपण अवाढव्य टेबलाच्या पायाशी उभे? मिलिमीटर मीटर समजून वाचले गेले, हजारपट. वस्तू २५.४ पट लहान किंवा मोठी दिसली तर इंच आणि मिलिमीटर यांची अदलाबदल झाली. ओबीजे आणि एसटीएल या प्रकारच्या त्रिमितीय मॉडेलच्या फाइलमध्ये एकक भरवशाने नोंदलेलंच नसतं. जीएलटीएफ प्रकारच्या फाइलमध्ये ते मीटर असं ठरलेलं आहे, त्यामुळे पर्याय असेल तर तीच निवडा. मॉडेल पाठीवर आडवं पडलं असेल तर 'वर'चा अक्ष वेगळा आहे. एक्सपोर्ट करताना वाय अक्ष वर ठेवा.

प्रत्येक फाइलमध्ये मूळबिंदूशी (जिथे तिन्ही अक्ष शून्य असतात) बरोबर १ मीटरचा घन ठेवायची सवय लावा. खऱ्या मोजपट्टीशेजारी तो उभा केला की एकक, अक्ष आणि प्रमाण तिन्ही एका नजरेत कळतात. मॉडेल दिसतच नसेल किंवा थरथरत असेल तर ते मूळबिंदूपासून कित्येक किलोमीटर दूर असू शकतं. सर्व्हेच्या नकाशावरून आलेल्या फाइलींना ही खोड असते. एक्सपोर्टच्या आधी मॉडेल शून्यावर आणा.

नकळत प्रमाण बदलणं

दोन हातांनी वस्तू पकडून हात जवळ आणले की ती लहान होते. बऱ्याच ॲपमध्ये हा इशारा कायम चालू असतो, आणि सरकवताना तो सहज लागतो. २४०० मिलिमीटरचं कपाट ३ टक्क्यांनी आक्रसलं तर २३२८ उरतं. डोळ्याला हे कळत नाही. जुळवणी झाली की प्रमाण लॉक करा, आणि लॉकचा पर्याय नसेल तर बैठक संपल्यावर घन पुन्हा मोजा.

फक्त बंद अवस्थेतलं फर्निचर ठेवणं

८०० मिलिमीटरचा दरवाजा उघडताना जवळजवळ तेवढीच जमीन झाडतो. ड्रॉवर पूर्ण बाहेर ओढलेले, पलंगाची पेटी उघडलेली, खुर्ची मागे सरकवलेली, अशी 'उघडी' आवृत्ती वेगळ्या थरावर ठेवा आणि त्यातून चालून बघा. चालताना एक लक्षात असू द्या: काही ॲप आभासी कपाट खऱ्या खांबाच्या पुढेच रंगवतात, खांब मधे असला तरी. खांब दिसत नाही म्हणून तो नाही असं होत नाही. अडथळे आधी तपासा, नाहीतर कपाळाला कळेल.

छोट्या तक्रारी

सगळं फर्निचर जमिनीच्या वर तरंगतंय: जमिनीची पातळी गालिच्यावर घेतली गेली, गालिचा गुंडाळून पातळी पुन्हा घ्या. हात ओळखला जात नाही: उजेड वाढवा. हलताना चित्र अडखळतं: नळाच्या तोट्या आणि कपाटांच्या मुठी यांतच मॉडेलचा पृष्ठभाग बनवणारे हजारो त्रिकोण दडलेले असतात, त्या साध्या करा. आणि काम थांबवलं की हेडसेट खिडकीत उताणा ठेवू नका. भिंगांतून आलेलं ऊन पडद्यावर केंद्रित होतं आणि कायमचा डाग पडतो.

सुताराकडे जाणाऱ्या कागदावर हेडसेटमधलं एकही माप लिहू नका. त्यावर मोजपट्टीची मापं, ती कोणत्या उंचीवर घेतली ती नोंद, दोन्ही कर्ण आणि जमिनीवरच्या फुल्यांची भिंतींपासूनची अंतरं असू द्या. हेडसेटमधला स्क्रीनशॉट सोबत जोडा, पण त्यावर 'मापासाठी नाही' असं ठळक लिहून.