महायुद्धाच्या पाटीवरच्या आकड्यांमागची नावे कशी शोधायची

पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश हिंदुस्थानातल्या अनेक गावांत दगडी पाट्या बसवल्या गेल्या. मजकूर साधारण ठरलेला: या गावातून इतके जण १९१४-१९च्या महायुद्धावर गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले. नावे नाहीत, नुसते दोन आकडे. आपल्याकडे खानदेशात ही पाटी शोधताना जुनी चावडी, वेस, शाळेची जुनी इमारत आणि मारुतीचा पार आधी पाहावा. पाटी नसली म्हणजे गावातून कोणी गेलेच नाही, असे समजू नये.

अक्षरे पुसट असतील तर रात्री टॉर्च दगडाला लगटून बाजूने धरा. खाचेत सावली पडते आणि अक्षर उठून दिसते. त्याच उजेडात फोटो घ्या. साफसफाईला साधे पाणी आणि मऊ ब्रश पुरे. अॅसिड संगमरवर खाते, तारेचा ब्रश अक्षरांच्या कडा उडवतो. ऑइलपेंट तर मारूच नये. आतली ओल अडते आणि पापुद्रे सुटतात.

मेलेल्यांची नावे मिळणे तुलनेने सोपे आहे. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची यादी इंटरनेटवर फुकट पाहता येते. तिच्यात ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळातले सैन्यातले मृत्यू आहेत. शोध आडनावाने सुरू केलात तर बहुधा हात रिकामे राहतील, कारण जुन्या नोंदीत पुष्कळदा शिपायाचे नुसते नाव, बापाचे नाव आणि गाव एवढेच असते. म्हणून गाव आणि तालुक्यावरून शोधा. तेव्हा जळगाव पूर्व खानदेशात आणि धुळे पश्चिम खानदेशात होते. नंदुरबार, तळोदा, शहादाही पश्चिमेतच. नंदुरबार जिल्हा १९९८चा, त्या नावाचा जिल्हा जुन्या कागदात सापडणार नाही. इंग्रज कारकुनाने गावाचे नाव कानावर पडले तसे लिहिलेले असते, तेव्हा निदान चार-पाच स्पेलिंगे करून पाहावीत.

नाव मिळाले की पलटण आणि तारीख एकत्र वाचा. १०३, ११० किंवा ११७ नंबरच्या मराठा पलटणीतला शिपाई असेल आणि मृत्यू २९ एप्रिल १९१६ नंतरचा असेल, तर तो आजच्या इराकमधल्या कुत-अल-अमारात तुर्कांना शरण गेलेल्या फौजेबरोबर कैदेत गेला होता का, हे तपासा. इराकमधल्या मोहिमेत मेलेल्यांसाठी बांधलेल्या बसरा स्मारकाच्या भिंतीवर साध्या हिंदुस्थानी शिपायांची नावे कोरलेली नाहीत, पलटणवार संख्याच आहे. घरच्यांना हे आधी सांगावे. स्मारकाचा फोटो मागवून त्यात नाव शोधत बसण्याची वेळ त्यांच्यावर येऊ नये.

खरे कष्ट परत आलेल्यांसाठी पडतात, आणि तेच जास्त होते. वरच्या यादीत ते नाहीत. घरात पदक असेल तर त्याची कड भिंगातून वाचा: नंबर, हुद्दा, नाव, पलटण तिथे असते. पितांबरीने किंवा चिंचेने घासू नका, कडेवरची अक्षरे झिजतात. पहिल्या युद्धाचे ब्रिटिश वॉर मेडल बहुतेकांना चांदीचे मिळाले होते, त्यामुळे कित्येक सोनाराकडे वितळले. पदक गेले असेल तर डिस्चार्जचा कागद, पेन्शनचे पुस्तक, फेरफाराच्या जुन्या नोंदी पाहा. परत येऊन गावातच वारलेल्याची नोंद कोतवाल बुकात, म्हणजे गाव नमुना १४ मध्ये मिळू शकते. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्याही पाहाव्यात. घरातल्या कोणी तिथे श्राद्ध केले असेल तर वंशावळ हाती लागते.

माहिती गोळा करायला आखाजीसारखा (अक्षय तृतीयेसारखा) दिवस नाही. घागर भरताना पितरांची नावे घरोघर निघतातच, आणि लेकी माहेरी आलेल्या असतात. आजोबांच्या, पणज्यांच्या गोष्टी पुष्कळदा त्यांच्याच तोंडी शिल्लक आहेत. सांगणाऱ्याचे शब्द आहेत तसे, अहिराणीतच उतरवा. ऐकीव आणि कागदावरचे वेगवेगळ्या रकान्यांत ठेवा. एकदा मिसळले की पुढे कोणालाच निवडता येत नाही.

१९४७ नंतरच्या सैनिकांसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जावे. शहिदांची नावे दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकाच्या यादीतही तपासता येतात. पलटणीच्या अभिलेख कार्यालयाला पत्र लिहायचे तर मराठा लाइट इन्फंट्रीचे बेळगावला आणि महार रेजिमेंटचे सागरला आहे. सैनिक क्रमांकाशिवाय पत्र पाठवू नये.

नवी पाटी करताना जुनी काढू नका, शेजारी लावा. मेलेले आणि परतलेले एकाच दगडावर, अक्षरक्रमाने, हुद्द्याप्रमाणे नको. अक्षर निदान एक इंच उंचीचे हवे. खालचा चौथा हिस्सा कोरा सोडा, नावे नंतरही सापडतात. कोरण्याआधी पूर्ण मापाचा कागदी मसुदा आठ दिवस ग्रामपंचायतीत लावा आणि प्रत्येक घराकडून आपल्या नावाखाली सही घ्या.